ठोकळ्यांचा डायनासोर सतत तोंडावर पडतो: जोड आवळण्याआधी काय काय बघायचं

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "आबा, हा उभाच राहत नाही." पण त्या एका वाक्याखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. म्हणून आधी तुमच्या डायनासोरचं दुखणं नेमकं कोणतं ते ठरवा.

- हात काढला की लगेच तोंडावर पडतो.
- ठेवल्यावर उभा राहतो, पण अर्ध्या तासाने बघावं तर गुडघे वाकलेले आणि हनुवटी फरशीला टेकलेली.
- पाय ठीक असतात, मान किंवा शेपटी तेवढी हळूहळू खाली येते. उचलून ठेवली की पुन्हा तेच.
- कायम एकाच कुशीला कलतो.
- उचलायला गेलं की पाय खुब्यातून निखळून हातात येतो.
- मार्चमध्ये चांगला होता, जूनमध्ये माळ्यावरून काढला तर सगळे सांधे लुळे.

मी रेल्वेत फिटर होतो. भुसावळला घर आहे. नातवाने दोन पायांवर चालणारा, हात-पाय-मान-शेपटी हवी तशी वळवता येईल असा टी-रेक्स ठोकळ्यांतून जमवला आणि तो उभा करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यानंतर गल्लीतली पोरं यायला लागली, मग त्यांच्या शाळेतली. चार पायांचे डायनासोर माझ्याकडे फारसे येत नाहीत, ते आपले उभे राहतात. येतात ते दोन पायांचे.

माझी पहिली चूक सांगतो, म्हणजे खालचा क्रम असा का लावला ते कळेल. शेजारच्या मुलाचं दुसऱ्या दिवशी शाळेत प्रदर्शन होतं. मी फिटरच्या सवयीने प्रत्येक सांधा तपासला, ढिल्या पिना बदलल्या, खुब्यात दुप्पट जोड घातले. रात्री अकरा वाजता डायनासोर असा ताठ झाला की सांधा वळवायला दोन्ही हात लागत. सकाळी टेबलावर ठेवला आणि तो अख्खाच्या अख्खा, ताठ, पाटासारखा तोंडावर पडला. एकही सांधा हलला नव्हता. दोष सांध्यात नव्हताच, डोकं जड होतं. तेव्हापासून मी सांध्याला हात सगळ्यात शेवटी लावतो.

फरशी आणि पावलं (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

आधी जागा बदलून बघा. आपल्याकडच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी दिसते सपाट, पण तिच्या सांध्यात पावलाची एक कड गेली तरी पुरे. गादी, सतरंजी, टेबलावरचं प्लॅस्टिकचं कापड, हे सगळं बाद. काच किंवा लॅमिनेट केलेली फळी घ्या. तिथे उभा राहिला तर डायनासोर शाबूत आहे, तुमची फरशी बघा.

मग बाजूने बघा. खुब्याच्या जोडापाशी दोरा धरा, दोऱ्याच्या टोकाला एखादा नट बांधलेला. गवंड्याचा ओळंबा तसाच. दोरा पावलाच्या मध्यावर किंवा किंचित मागे यायला हवा. तो टाचेच्या मागे पडला तर पाठीवर पडेल, बोटांच्या पुढे गेला तर तोंडावर. बऱ्याचदा नुसता घोटा एक टप्पा वळवून, गुडघा थोडा वाकवून दोरा जागेवर येतो आणि काम तिथेच संपतं. एका कुशीला कलणाऱ्याचंही असंच: समोरून बघा, एक गुडघा दुसऱ्यापेक्षा जास्त वाकलेला असतो.

पावलं लहान असली तर पुढची बोटं वाढवा. ठोकळ्यावरच्या एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत ८ मिलिमीटर असतात. बोटं दोन बटणं पुढे नेली की टेकायची जागा १६ मिलिमीटर वाढली. वीतभर उंचीच्या डायनासोरला हे थोडं नाही. पोरांना पावलं मोठी केलेली आवडत नाहीत, "बदकासारखा दिसतो" म्हणतात. त्यांना सांगा, टी-रेक्सलाही तीन लांब बोटं होती.

निशाणी घाला (खर्च शून्य, वेळ अर्धा तास)

ही तपासणी लोक टाळतात आणि नेमकी हीच सगळ्यात कामाची. कारखान्यात नट आवळला की नटावर आणि त्याच्या बुडाशी मिळून रंगाची एक रेघ मारतात. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. इथेही तेच करायचं. खुबा, गुडघा, घोटा, मानेचं बूड, शेपटीचं बूड: प्रत्येक जोडाच्या दोन्ही अंगांवरून जाईल अशी कागदी चिकटपट्टीची बारीक पट्टी लावा, तिच्यावर पेनाने एक रेघ ओढा आणि मग जोडावर पट्टी ब्लेडने कापा. पट्टी कापताना मोठं माणूस हवं. डायनासोर उभा करा आणि अर्धा तास त्याच्याकडे बघू नका.

परत आल्यावर तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

रेघ कुठेच तुटलेली नाही आणि डायनासोर पडला: तोल चुकलाय. पुढचा भाग वाचा, सांध्यांना हात लावू नका.

एखाद्या जोडावरची रेघ सरकली: तो जोड भार पेलत नाही. तरीसुद्धा आधी तोलच बघा, कारण तोल नीट झाला की तोच जोड भार पेलायला लागतो. दहातल्या सहा-सात वेळा असंच होतं, हा माझा अनुभव.

रेघा सगळ्या जुळलेल्या आहेत, डायनासोर पडलेला नाही, पण वाकलेला आहे: सांगाडा वाकतोय किंवा ठोकळे एकमेकांपासून उकलतायत. सांध्याजवळच्या ठोकळ्यांच्या फटीत नख घालून बघा. केसाएवढी फट सापडेल. त्याचं औषध खाली खुब्याच्या भागात आहे.

तोल: डोकं हलकं करा, मग शेपटीकडे जा

इथे जरा सावकाश वाचा.

दोन पायांचा डायनासोर म्हणजे तराजू. खुबा ही तराजूची मूठ. पुढच्या पारड्यात छाती, मान, डोकं. मागच्या पारड्यात शेपटी. खऱ्या जनावराचंही असंच होतं, त्याची लांब जाड शेपटी डोक्याचा भार तोलायची आणि मांडी मागे ओढणारा मोठा स्नायूही त्याच शेपटीच्या बुडाशी होता. आपण पोरं-थोरं सगळे काय करतो? डोक्यावर जीव ओततो. दात, डोळे, उघडणारा जबडा, जिभेला लाल ठोकळा. शेपटीपर्यंत येता येता ठोकळेही संपतात आणि उत्साहही. शेपटी मग उंदराची होते.

मोजायचं असं. पाय सोडवून बाजूला ठेवा. उरलेलं धड, डोक्यापासून शेपटीपर्यंत, गोल पेन्सिलीवर आडवं ठेवून तोला. जिथे तोललं जाईल ती जागा खुब्याच्या भोकापासून किती पुढे आहे ते पट्टीने मोजा. मग धड काट्यावर ठेवा. जळगावच्या सराफाचा काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला चालतो.

समजा धड ३०० ग्रॅम भरलं आणि तोलाची जागा खुब्याच्या ३ सेंटिमीटर पुढे आली. ३०० गुणिले ३, म्हणजे ९०० चा भार पुढे ओढतोय. हा आकडा लिहून ठेवा. आता डोकं उघडा. आत भरीव ठोकळे असतात, ते काढून कवटी पोकळ करा, बाहेरून कोणाला कळत नाही. खुब्यापासून २२ सेंटिमीटरवरच्या डोक्यातून २० ग्रॅम काढले तर २० गुणिले २२, म्हणजे ४४० कमी झाले. जवळजवळ निम्मं दुखणं गेलं आणि एक पैसा लागला नाही.

राहिले ४६०. शेपटीत, खुब्यापासून २५ सेंटिमीटरवर, वजन घालायचं असेल तर ४६० भागिले २५, म्हणजे साधारण १८ ग्रॅम लागतील. ते कुठून आणायचे? सायकलवाल्याकडे मागच्या चाकाचे पाव इंची छर्रे मिळतात. एकेक छर्रा जवळपास एक ग्रॅमचा. अठरा छर्रे घ्या, शेपटीत ठोकळ्यांची बंद डबी करा, छर्रे कापसात गुंडाळून आत भरा म्हणजे खडखडणार नाहीत. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर छर्रे नकोत. तिथे शेपटीतच जास्तीचे ठोकळे लावून वजन वाढवा, थोडी जाड दिसेल एवढंच.

क्रम उलटा करू नका. शेपटीत वजन आधी भरलं तर एकूण वजन वाढतं, ते सगळं घोट्यांवर येतं आणि शेपटीचे सांधेही लोंबायला लागतात. डोकं हलकं केलं की सगळ्याच सांध्यांना उसंत मिळते.

मानेचं आणि शेपटीचं लोंबणंही याच हिशोबात बसतं. मान लांब असेल तर डोक्यातला प्रत्येक ग्रॅम मानेच्या बुडाला जड पडतो. आमच्या घरी पाहुणी आलेली अमळनेरची बहीण एक लांब मानेचा डायनासोर बघून म्हणाली, "यान्ही मान काबरं लटकी ऱ्हायनी?" मी तिला लांब दांड्याच्या झाऱ्याचं उदाहरण दिलं. कढईतून भज्यांनी भरलेला झारा टोकाला धरून उचला आणि जवळ धरून उचला, मनगटच सांगेल. मानेच्या टोकाचे सांधे लहान चालतात, बुडाचा मात्र सगळ्यात मोठा आणि घट्ट हवा. पोरं सगळीकडे सारखेच जोड लावतात, मग मान बुडापाशीच मोडते.

इथे एक पळवाटही आहे. १९१५ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात टी-रेक्सचा सांगाडा उभा केला तेव्हा तो माणसासारखा ताठ, शेपटी जमिनीवर टेकलेली, असा केला होता. नंतर कळलं की हे जनावर पाठ आडवी आणि शेपटी हवेत ठेवून चालत असे, आणि १९९० च्या दशकात तो सांगाडा तसा बदलून लावला. शास्त्राने जुनी ढब चुकीची ठरवली खरी, पण ठोकळ्यांच्या डायनासोरला ती फार सोयीची आहे, कारण शेपटी तिसरा पाय होते आणि तिपाई कधी डगमगत नाही. उद्या सकाळी प्रदर्शन असेल तर खुशाल शेपटी टेकवा. परीक्षक विचारेल तर पोराला १९१५ ची गोष्ट सांगायला लावा, उलट दोन गुण जास्त मिळतील.

तेल, धूळ आणि चिवड्याचे हात

निशाणी सरकली आहे आणि तोलही नीट झालाय, तरी जोड घसरतोच. आता सांध्यांकडे या.

आधी धुवा. हे जोड निव्वळ घर्षणावर धरतात. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासलं जातं, म्हणून मान दिली त्या जागी राहते. त्यात हाताचं तेल गेलं की घर्षण संपलं. पोरं शेवभाजीचे हात पुसत पुसत खेळायला बसतात, चिवड्याचं तर विचारूच नका. वर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ. तेल आणि धूळ मिळून सांध्यात राखाडी चिकटा तयार होतो.

सांधे सुटे करा, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ दातब्रशने घासा. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, हाताला जेमतेम कोमट लागलं की पुरे. मोटर, दिवा, सेल, स्टिकर असलेले भाग पाण्यात घालायचे नाहीत. सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, केस वाळवायच्या यंत्राने तर मुळीच नको.

आणि कृपा करून तेल देऊ नका. एका मुलाच्या काकांनी मान वळवताना करकर आवाज येतो म्हणून शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं. करकर थांबली आणि मानही थांबायची बंद झाली. ती करकर म्हणजेच घर्षण होतं. शिवाय काही तेलांनी आणि पातळ द्रावणांनी ताणाखाली असलेल्या एबीएस प्लॅस्टिकला, म्हणजे ठोकळे ज्याचे असतात त्या प्लॅस्टिकला, बारीक चिरा पडतात. मशीनला तेल हवं, खेळण्याला नको. हे मलाच पटायला वेळ लागला, आयुष्यभर तेलाचा डबा कमरेला.

पीन चुकीची आहे का?

भोकांच्या पट्ट्या आणि पिनांचा संच असेल तर ही तपासणी कराच. पिना दोन जातींच्या असतात. एक घट्ट: तिच्या अंगावर बारीक उंचवटे असतात, ती फिरवायला जोर लागतो. दुसरी मोकळी: गुळगुळीत, चाकासारखी भिरभिरते. लेगोच्या संचात नेहमीची आखूड काळी पीन घट्ट आणि फिकट राखाडी मोकळी. इतर डब्यांत रंगावर भरवसा ठेवू नका. पीन भोकात घाला, दोन बोटांनी फिरवा, बोटं सांगतील. खुब्यात आणि गुडघ्यात चुकून मोकळी पीन गेली असेल तर आतापर्यंतची सगळी मेहनत फुकट.

तसंच फुलीच्या आकाराची दांडी. ती फुलीच्या भोकात घातली की पक्की बसते, गोल भोकात घातली की मोकळी फिरते. "दांडी लांब आहे म्हणून मजबूत" असं समजून मुलं ती खुब्यातून आरपार घालतात, दोन्ही पायांना. दिसतं भक्कम, पण दोन्ही पाय झोपाळ्यासारखे हलतात.

झिजलेले, तडकलेले जोड

बॉल आणि वाटीचा जोड असेल तर वाटीच्या कडेवर उजेड पाडून बघा. पांढरट रेघ दिसली तर ती चीर आहे, ती वाटी गेली. बदला. चीर नसून नुसता ढिला असेल तर अदलाबदल करा: खुब्यातला जोड काढून हाताला लावा आणि हाताचा जोड खुब्यात. टी-रेक्सचे हात इवलेसे, त्यांना कसलाही जोड चालतो. नवा काही विकत न आणता मी निम्मे डायनासोर असेच बरे केलेत.

वेगवेगळ्या डब्यांतले बॉल-वाटी एकत्र करताना मात्र जपा. लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं, आणि १९६३ पासून ते ठोकळे एबीएसचे होऊ लागले, कारण आधीचं प्लॅस्टिक काळाने वाकायचं. ठोकळा ठोकळ्याला धरतो तो मापाच्या नेमकेपणामुळे, केसाच्या जाडीएवढाही फरक तिथे फार होतो. बाजारातल्या बिननावाच्या पिशवीतला बॉल किंचित लहान असतो, मग वाटी कितीही नवी असो, तो घसरणारच. उलट मोठा बॉल जबरदस्तीने घातला तर वाटी तडकते. बिननावाचं सगळंच वाईट असं मी म्हणत नाही, पण खुब्याचा बॉल आणि त्याची वाटी एकाच पिशवीतली घ्या.

ढिल्या वाटीत प्लॅस्टिकच्या पिशवीचा बारीक तुकडा घालून बॉल दाबला तर काही आठवडे निभतं. उचकटून काढताही येतो. नेलपॉलिश लावा असं कोणी सांगेल, ऐकू नका. त्यातलं द्रावण एबीएस खातं.

मे महिन्याचा मार

जूनमध्ये लुळे होऊन येणारे डायनासोर फक्त आपल्याकडेच येतात की काय, असं मला वाटायचं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीच्या माळ्यावर तर त्याहून जास्त. एबीएस प्लॅस्टिक मऊ पडायला शंभर अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून ते वितळलं असं नाही. पण सतत ताण असला की प्लॅस्टिक हळूहळू त्या ताणाला सरावतं आणि जितकी उष्णता जास्त तितकं ते लवकर होतं. वाटी बॉलवर ताणून बसलेली असते, तिचा तो ताणच कमी होतो. मग पकड गेली. एकदा गेलेली पकड परत येत नाही, जोड बदलावाच लागतो.

उपाय सोपा आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, सुट्या लागल्या की, डायनासोर कुशीवर निजवून ठेवा, म्हणजे सांध्यांवर वजन राहणार नाही. बॉल-वाट्या सुट्या केल्या तर उत्तम. माळ्यावर नाही, बंद गाडीत तर नाहीच, खालच्या खोलीतल्या कपाटात.

खुबा उघडणं: सगळ्यात शेवटी आणि एक दुपार मोकळी ठेवून

पाय निखळत असेल किंवा निशाणीच्या तपासणीत ठोकळ्यांमध्ये फट दिसली असेल तर खुबा नव्याने बांधावा लागतो. उघडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. मी पहिल्यांदा काढले नव्हते, नातू दोन दिवस बोलला नाही.

ठोकळे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. वरून दाब आला तर ते घट्टच होतात. ओढ आली किंवा पीळ पडला तर उकलतात. खुब्यात नेमका पीळच पडतो. म्हणून तिथे ठोकळे उभ्या पट्टीने जखडावे लागतात, आणि इथे मापाची एक खुबी आहे. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, पातळ प्लेटची ३.२. भोकांमधलं अंतर मात्र ८. नुसते ठोकळ्यावर ठोकळे रचले तर भोकं उभ्या पट्टीच्या भोकांशी जुळत नाहीत, मुलं जोर करतात आणि पीन मोडते. भोकवाला ठोकळा, त्यावर दोन प्लेटा, त्यावर पुन्हा भोकवाला ठोकळा असं रचा. ९.६ अधिक ६.४ म्हणजे बरोबर १६, दोन भोकांचं अंतर. आता तीन भोकांची पट्टी उभी धरा, वरच्या आणि खालच्या भोकातून घट्ट पिना घाला. धड डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी जखडलं गेलं. हा खुबा हातात धरून डायनासोर उलटा केला तरी उकलत नाही.

खुब्यासाठी बॉल-वाटीपेक्षा मला टक-टक आवाज करणारी दातेरी बिजागरी पसंत आहे. ती टप्प्याटप्प्याने वळते, लेगोच्या लहान दातेरी बिजागरीत एक टप्पा साडेबावीस अंशांचा. हवी तशी ढब मिळत नाही अशी पोरांची तक्रार असते आणि ती खरीही आहे. पण दातावर दात अडकलेला असल्याने ती घसरत नाही. एका खुब्यात दोन बिजागऱ्या शेजारीशेजारी लावा, भार वाटला जातो. बारीक वळवायची हौस मानेत आणि हातात भागवा.

खुबा उघडलाच आहे तर आणखी एक काम उरकून घ्या. पायाचं भोक पुढे सरकवा. वरच्या हिशोबात ३०० ग्रॅमचं धड होतं. खुबा एक भोक पुढे नेला की ८ मिलिमीटर, म्हणजे २४० चा भार एका झटक्यात कमी. दोन भोकं पुढे नेला तर ४८०, छर्ऱ्यांची गरजच संपली. खरा उपाय हाच. तो शेवटी सांगितला कारण त्यासाठी सगळं उघडावं लागतं, आणि दहातल्या सातांना तेवढं उघडायची वेळ येत नाही.

गल्लीतल्या एका मुलीने राजासॉरस केला होता. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला, २००३ साली नाव मिळालेला, कपाळावर आखूड शिंग असलेला. "तो सातपुड्याच्या पलीकडचा, म्हणजे आपलाच," असं तिचं म्हणणं. आपल्या विहिरीतही हाडं निघतील का, हेही तिने विचारलं. मी म्हटलं, आपल्या पायाखाली लाव्हारसाचा काळा पत्थर. जबलपूर, गुजरात, आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा-डोंगरगाव, तिथली हाडं त्या पत्थराच्या खालच्या थरांत मिळतात. तिच्या राजासॉरसचं कपाळ भरीव होतं आणि खुबा दोन भोकं मागे. दोन्ही बदललं. अजून उभा आहे.

कुठे थांबायचं

सरस, फेविक्विक, तापवलेली सुई, ड्रिल यांतलं काही हातात घ्यावंसं वाटलं की थांबा. चिकटवलेला जोड वळत नाही, मग तो डायनासोर नुसता पुतळा. तीन वेळा खुबा बांधूनही उभा राहत नसेल तर मागून पारदर्शक टेकू द्या. संग्रहालयातले सांगाडेही लोखंडी दांड्यांवर उभे असतात, त्यात कमीपणा नाही.

दांडी भोकात अडकून तुटली असेल आणि संच महागाचा किंवा आता न मिळणारा असेल तर पक्कड लावू नका. असे संच जमवणाऱ्या जाणकाराकडे द्या किंवा तो तुकडा सुटा मागवा.

मोटर असलेला डायनासोर चालताना वास मारत असेल, तापत असेल, गिअर कुरकुरत असतील तर सेल काढा आणि इलेक्ट्रॉनिक खेळणी दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. चार्ज होणारी बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका. दुरुस्तीवाल्याला आधी फोन करून विचारा आणि मगच न्या.

मुलाने बटणासारखा चपटा सेल किंवा लोहचुंबक गिळला अशी नुसती शंका आली तरी लगेच दवाखाना गाठा. उलटी काढायला लावू नका, "संध्याकाळपर्यंत वाट बघू" तर अजिबात नको. नाकात किंवा कानात ठोकळा गेला असेल तर चिमटा घालू नका, तो आत सरकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या.

आणि माझ्यासारख्या कोणाकडे डायनासोर दुरुस्तीला नेणार असाल तर चार गोष्टी बरोबर न्या: बाजूने काढलेला फोटो, धडाचं वजन, तोलाची जागा खुब्यापासून किती पुढे आहे तो आकडा, आणि कोणत्या जोडाची निशाणी सरकली ते. डायनासोर पिशवीत घालताना पाय सोडवून वेगळे ठेवा. अख्खा आणला तर वाटेत रिक्षाच्या धक्क्यांनी नवे बिघाड होतात, मग जुना कोणता तेच कळत नाही.